लवाद आला, चहा पिऊन गेला

शहापूरच्या माणसाला घर न बदलता राज्य बदलायची सवय आहे. १९४८ पर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं, पलीकडचा बेळगावचा किल्ला नि कॅम्प इंग्रजांचा. संस्थान विलीन झालं तसे आम्ही मुंबई राज्यात गेलो. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. पंचवीस वर्षांत चार सरकारं फिरून आलो आणि खडेबाजारातल्या सराफाला पेढीवरची गादीसुद्धा उचलावी लागली नाही. एवढा फुकट प्रवास एसटीही देत नाही.

अशा गावात राहणाऱ्याला जगाच्या भानगडी लवकर कळतात. टीव्हीवर काँगो, सुदान, बोस्निया असं काही लागलं की बाकीचा देश चॅनेल बदलतो, आम्ही आवाज वाढवतो. गोष्ट ओळखीची असते. दोघं भांडतात, मग तिसरा येतो. तिसऱ्याकडं नकाशा असतो, पेन्सिल असते आणि परतीचं तिकीट असतं.

प्रमाणाचं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पत्रं येतात. बोस्नियात लाखभर माणसं मेली. आमच्याकडं जानेवारी १९५६ मध्ये आणि जून १९८६ मध्ये गोळीबार झाले, माणसं गेली, त्यांची स्मारकं आहेत. पण युद्ध झालेलं नाही आणि होणारही नाही. कन्नड शेजारी नि आम्ही एकाच कपिलेश्वराला हात जोडतो आणि कुंद्याचा भाव वाढला की एकाच सुरात कुरकुरतो. तेव्हा तुलना भांडणाची नको. ती तिसऱ्या माणसाची करू.

आमचा तिसरा माणूस म्हणजे न्यायमूर्ती मेहरचंद महाजन. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी सेनापती बापट उपोषणाला बसले तेव्हा कुठं दिल्लीला जाग आली आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये महाजनांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. माणूस साधा नव्हता. १९४७ साली पंजाब कापायला रॅडक्लिफसाहेब बसले, त्या सीमा आयोगावर महाजन होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान झाले. १९५४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. म्हणजे पंजाब, काश्मीर आणि मग बेळगाव. उपखंडातली बहुतेक सगळी दुखणी या एका माणसाच्या हाताखालून गेली. पुढं २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं आमच्या खटल्यात पुरावे नोंदवायला मनमोहन सरीन यांना नेमलं, तेही जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. काश्मीरचा अनुभव असल्याशिवाय आमच्याकडं कुणाला पाठवत नाहीत, ही त्यातल्या त्यात मानाची गोष्ट.

ऑगस्ट १९६७ मध्ये महाजनांनी अहवाल दिला. बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसुरात) राहू द्या. २६४ गावं महाराष्ट्राला द्या, त्यांत निपाणी, खानापूर. २४७ गावं इकडं आणा, त्यांत अक्कलकोट, दक्षिण सोलापूर. शिवाय केरळातल्या कासरगोडचा मोठा तुकडा. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. कर्नाटकानं डोक्यावर घेतला, आणि तेव्हापासून बेंगळुरूत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "महाजन अहवाल अंतिम" एवढं तो बोलेल आणि परत झोपेल.

मग निपाणी कुठं आहे? कर्नाटकात. खानापूर? कर्नाटकात. अक्कलकोट? महाराष्ट्रात, स्वामी समर्थांसकट. कासरगोड? केरळात. अहवाल शिरसावंद्य, अंमलबजावणी गेली तेल लावत. महाजनांच्या अख्ख्या अहवालातलं एकच वाक्य पाळलं जातं, "बेळगाव आहे तिथं राहू द्या". ते पाळायला कुणाला काही करावंच लागत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. आयोगानं ज्यांना सोडवलं, त्यांना सोडवायला कुणी आलं नाही. आणि आयोग मान्य नसलेल्या महाराष्ट्राला "निदान निपाणी तरी द्या" असं तोंडानं म्हणता येत नाही. म्हटलं तर बेळगाव गेलं. असा चहूबाजूंनी पक्का बंदोबस्त.

*

आता बाहेर बघा. बोस्नियाचं युद्ध १९९५ साली डेटन करारानं थांबलं. सगळं ठरलं, फक्त एका गावाचं ठरेना. सावा नदीकाठचं ब्रच्को. सर्ब म्हणत आमचं, बोस्नियाक नि क्रोएट म्हणत आमचं. लवाद बसला. रॉबर्ट्स ओवेन नावाच्या अमेरिकी वकिलानं १९९९ च्या मार्चमध्ये अंतिम निवाडा दिला: गाव एकट्या कुणाचंच नाही, दोघांचंही आहे, त्याचा वेगळा जिल्हा करा. आमच्याकडं डिसेंबर २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंनी हेच वेगळ्या शब्दांत मागितलं होतं. निकाल लागेपर्यंत वादग्रस्त भाग केंद्रशासित करा, म्हणाले. मुख्यमंत्री असतानाही त्यांनी हेच मागून पाहिलं होतं.

पण ब्रच्कोची गंमत निवाड्यात नाही, निवाड्यानंतर आहे. तिथं एक आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षक बसवला. तो निवाडा वाचून दाखवून विमानात चढला नाही. २०१२ पर्यंत ठाण मांडून बसला. पोलीस खात्यात तिन्ही समाजाची माणसं घेतली. अधिकारी ऐकेना तर घरी पाठवला. शाळा एकत्र केल्या. एरवी बोस्नियात एकाच इमारतीत दोन दारं, दोन अभ्यासक्रम असा प्रकार चालतो. ब्रच्कोत पोरं एका वर्गात बसली. तिन्ही भाषा नि लॅटिन-सिरिलिक दोन्ही लिप्या कायद्यानं सारख्या. स्वर्ग नव्हे. राजकारण्यांची खाबूगिरी तिथंही आहे. पण खिडकीवर गेलेल्या माणसाला कागद आपल्या लिपीत मागता येतो.

उलट बाजू बघायची तर सुदानचं अबेई. २००९ साली हेगच्या लवादानं हद्द आखून दिली. २०११ च्या जानेवारीत सार्वमत घ्यायचं होतं, ते झालंच नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली आणि तिथंच राहिली. किंवा बकासीचं द्वीपकल्प. २००२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते कॅमेरूनला दिलं. पूर्ण ताबा मिळायला २००८ उजाडलं, आणि तिथं राहणारे बहुतेक मासेमार नायजेरियाचे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. निकाल नकाशाचा लागला, जाळी कुठं टाकायची ते ज्याचं त्यानं बघायचं.

तात्पर्य, निवाडा देणारे पैशाला पासरी मिळतात. निवाड्यानंतर खिडकीवर बसणारा मिळत नाही. आमच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. भारताचे जवान निळी टोपी घालून काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदानात परक्यांची शांतता राखतात, जीव देतात. तेवढ्याच गांभीर्यानं देशानं आमच्याकडं एक बरा कारकून पाठवला असता तरी भागलं असतं.

*

आमच्याकडचे शांतिदूत आठवून बघू. १९६० साली दोन्ही राज्यांची मिळून चौघांची समिती झाली. दोघं इकडचे, दोघं तिकडचे. दोघांनी दोघांचं म्हणणं मांडलं, उरलेल्या दोघांनी उरलेल्यांचं. १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना, शिंदे नि बोम्मईंना, समोरासमोर बसवलं आणि नवी समिती ठरवली. तीन मंत्री इकडचे, तीन तिकडचे. बासष्ट वर्षांत प्रगती दोन माणसांची. त्याच बैठकीनंतर देशाला कळलं की नेत्यांच्या नावानं काढलेल्या खोट्या ट्विटर खात्यांनी वातावरण बिघडवलं. १९५६ चा वाद आणि आरोपी २००६ साली जन्मलेला. पोलीस तपासात याला काय म्हणतात ते जाणकारांनी सांगावं.

पुढच्या पंधरवड्यात २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळानं एकमतानं ठराव केला, एक इंचही देणार नाही. २७ ला महाराष्ट्र विधिमंडळानं एकमतानं ठराव केला, ८६५ गावांतली इंच न् इंच घेणार. दोन्ही राज्यांत सत्ताधारी नि विरोधक एरवी साध्या शोकप्रस्तावावरही भांडतात, पण इंचावर एकी. शेतकऱ्याच्या बांधाचा इंच मोजायला मात्र भूमापक महिनोन् महिने मिळत नाही.

शिवाय सुवर्ण विधानसौध आहेच. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. बेळगाव आमचंच, हे जगाला सांगायला बांधलेला राजवाडा. हिवाळ्यात दोन आठवडे गजबजतो, एरवी आत पारवे नि चौकीदार. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या रोजंदारीवरच्या एका बाईनं पायऱ्यांवर शेवया वाळत घातल्या. फोटो फिरला, बाईची नोकरी गेली, आरडाओरडा झाला तशी परत मिळाली. उद्घाटनापासून त्या इमारतीच्या पायऱ्यांचा बाराही महिने उपयोगी पडेल असा वापर जर कुणाला सुचला असेल, तर तो त्या बाईला. तिला खरं तर नियोजन खात्यात घ्यायला हवं होतं.

*

आता खिडकीवर चला. कचेरीचं नाव कशाला घ्या, सगळ्या सारख्याच. सकाळी अकराची वेळ. धोतर-टोपीतला एक म्हातारबा उतारा घेऊन उभा. कर्नाटकानं जमिनीचं दप्तर संगणकावर आणून पाव शतक झालं, त्यात देशात पहिल्या रांगेत. कौतुकच. पण उतारा निघतो तो कन्नडात. म्हातारबा मराठी चौथीवाला. जन्मभर जी जमीन कसली तिचा कागद त्याला वाचता येत नाही. बरोबर नात होती, कन्नड शाळेतली. तिनं बोट ठेवत वाचलं.

"आबा, ह्यात धाकल्या आजोबांचंबी नाव हाय की तुझ्या नावापुढं."

"त्याचा काय संबंध? वाटण्या होऊन वीस वर्सं झाली!"

"तकरार अर्ज करा," खिडकीतून आवाज. "कन्नडमध्ये लिहून आणा."

"मला येत न्हाई हो कन्नड."

"मग कुणाकडून तरी लिहून घ्या. पन्नास रुपये घेतात बाहेर."

भला माणूस होता तो खिडकीतला. मराठीतच बोलला, सगळं समजावून सांगितलं. कागद तेवढा मराठीत घेता येत नाही म्हणाला, वरून ऑर्डर नाही. सीमाप्रश्न म्हणतात तो हा. बाकीचं सगळं भाषण.

आणि वरची ऑर्डर कधीचीच आहे, ही यातली खरी मजा. १९५६ साली केंद्रानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन काढलं, त्यापासून पुढं ठरत आलेली साधी बाब अशी की जिथं पंधरा टक्के लोक एखादी भाषा बोलतात, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना नि नियम त्या भाषेतही निघावेत. प्राथमिक वर्गात दहा पोरं किंवा शाळेत चाळीस असली की मातृभाषेतून शिकवायची सोय करावी. बेळगाव-खानापुरात पंधरा टक्के मराठी माणसं शोधायला दुर्बीण लागत नाही. यावर देखरेख ठेवायला घटनेनं भाषिक अल्पसंख्याक आयुक्त दिला. त्याचं विभागीय कार्यालय बेळगावात होतं. ते चेन्नईला हलवलं. आग लागते तिथून बंब काढून समुद्राकाठी नेऊन ठेवला. अहवाल मात्र तिथूनही उत्तम लिहिता येतात.

पाट्यांचं तर विचारूच नका. २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे. आमचा पाटीवाला टेप घेऊन शिडीवर चढतो. वरचा साठ टक्के भाग कन्नडाला, मग उरलेल्या चाळीसात मराठी, इंग्रजी, जीएसटी नंबर, मालकाचा मोबाईल आणि साईबाबा. बाबांना सध्या उजव्या कोपऱ्यात सव्वा टक्का मिळतो. तिकडं मुंबईत मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान दिसलं की दंड. दोन्हीकडं रंगाऱ्याचं बरं चाललंय. सीमाप्रश्नावर खरोखर पोट भरणारा प्रामाणिक माणूस तेवढा एकच.

*

एकट्या बेंगळुरूला झोडपून सदर संपवलं तर आमचे पुणेकर वाचक टाळ्या देतील. म्हणून थोडं थांबतो.

१९८६ साली छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते. पकडले गेले, तुरुंगात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाभागाच्या समन्वयाची जबाबदारी असलेले दोन मंत्री यायचे होते. तारीख ठरली, बदलली, मग दौराच रद्द. वेषांतराला लागणारं सामान महागलं असावं. २०२३ साली महाराष्ट्रानं ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, तर कर्नाटकाचे मुख्यमंत्री म्हणाले, होऊ देणार नाही. गाझा नि सुदानच्या बातम्यांत मदतीचे ट्रक नाक्यावर अडतात ते बघून आपण हळहळतो. आमच्याकडं मूत्रपिंडाच्या ऑपरेशनचा कागद अडतो.

आणि जतची गोष्ट ऐका. तिथल्या काही गावांनी पाणी मिळत नाही म्हणून २०१२ साली "आम्ही कर्नाटकात जातो" असा ठराव केला होता. महाराष्ट्रानं तो फायलीत ठेवला. दहा वर्षांनी बोम्मई म्हणाले, या की मग. म्हणताक्षणी म्हैसाळच्या विस्तारित पाणीयोजनेची फाइल मुंबईत अशी धावत सुटली की विचारता सोय नाही. हद्दीवरच्या माणसाला सरकार दिसायचं असेल तर शेजारच्या सरकारनं डोळा मारावा लागतो. हा धडा आमच्या गावांनी लक्षात ठेवावा. जमलं तर आंध्राकडूनही एक डोळा मारून घ्यावा.

घरचंही सांगायला हवं. महाराष्ट्र एकीकरण समितीत एकीकरण सोडून सगळं झालं. २०१८ ला समितीचा एकही आमदार आला नाही, २०२३ ला तेच. प्रश्न एक नि गट किती ते मोजायला पुन्हा एखादा महाजन आणावा लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठी येत नाही म्हणून बसच्या कंडक्टरला मारहाण झाली. पंधरा टक्क्यांचा हक्क आम्ही खिडकीवर मागायचा सोडून तिकिटं फाडणाऱ्या गरिबाच्या अंगावर वसूल केला. लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरला काळं फासलं. मग इकडच्या गाड्या इकडं थांबल्या, तिकडच्या तिकडं. कोल्हापूरच्या दवाखान्याला निघालेली बाई औषधाची पिशवी घेऊन मधे उभी. दोन्ही बाजूंचे वीर त्या दिवशी टीव्हीवर होते. कंडक्टर आणि ड्रायव्हर दोघेही डबल ड्युटीवाले. त्यांना एकत्र चहाला बसवलं असतं तर दहा मिनिटांत प्रश्न सुटला असता, कारण पगार दोघांचाही थकलेला.

खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र म्हणतो, न्याय द्या. कर्नाटक म्हणतं, हद्दी ठरवणं संसदेचं काम, न्यायालयानं यात पडू नये. संसद म्हणते, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. या तिघांच्या मधोमध जी जागा मोकळी राहते तिथं आम्ही राहतो. निकाल लागेल तेव्हा लागो. आमच्या हयातीत लागला तर पेढे वाटू, कुंदा वाटू, ज्याला जे आवडेल ते.

तोवर नवी समिती नको, नवा आयोग नको, इंचाचा ठराव तर बिलकुल नको. एक काम करा. उताऱ्यावर कन्नडच्या खाली दोन ओळी मराठीत छापा. तसंच जत-अक्कलकोटच्या उताऱ्यावर मराठीच्या खाली दोन ओळी कन्नडात. यानं हद्द इंचभर सरकत नाही, कुणाची अस्मिता दुखत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा अवमानही होत नाही. खर्च फक्त शाईचा. आणि शाईची काळजी नको. २००५ साली बेळगावच्या महापौरांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं, तेव्हापासून दोन्ही राज्यांकडं तिचा साठा भरपूर आहे.